कावळा शिवला नाही, म्हणून घरात कुणी राहिलंय का?

प्रश्न : सासरे जाऊन तीन महिने झाले. दहाव्याला ओंकारेश्वरावर दीड तास थांबूनही पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून सासूबाईंच्या (वय ७२) मनानं घेतलंय की बाबांचं काहीतरी राहिलं. रात्री त्यांना हॉलमधून चपलांचा आवाज येतो, तपकिरीचा वास येतो. पहाटे आंघोळ करून बाहेर आल्या की चक्कर येते आणि पॅसेजमध्ये बाबा उभे दिसतात. अकरावीतला मुलगा म्हणतो, रात्री छातीवर कुणीतरी बसतं आणि ओरडताही येत नाही. चुलतदिरांनी एका ‘जाणकारा’ला घरी आणलं. त्यानं बंदोबस्ताचे ३५ हजार सांगितले आणि सासूबाईंच्या गोळ्या महिनाभर बंद ठेवायला सांगितल्या. माझे मिस्टर इंजिनीअर आहेत, तेही म्हणतात, ‘करून टाकू, विषाची परीक्षा कशाला?’ शिकलेली माणसंसुद्धा हे का मानतात? आणि मी नेमकं काय करू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : गोळ्या खरंच बंद केल्या असतील तर आधी फॅमिली डॉक्टरांना फोन करा, किती दिवस बंद आहेत ते सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं आजच सुरू करा. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की दाब पूर्वीपेक्षाही वर जातो. हे उत्तर फोन झाल्यावर वाचलं तरी चालेल.

आता कावळा. सगळा गुंता तिथून सुरू झालाय, म्हणून तिथे जरा थांबू. घाटावरचे कावळे उपाशी नसतात. सकाळी लवकर आलेल्या मंडळींचे पिंड खाऊन ते तृप्त असतात, आणि उशिरा ठेवलेल्या भाताच्या गोळ्यासाठी पोट भरलेला कावळा सहसा खाली उतरत नाही. शिवाय हा पक्षी मुळातच संशयी. समोर खाणं दिसलं तरी आधी फांदीवरून अंदाज घेतो, दुसरा कुणी उतरतोय का ते बघतो. त्यात पिंडापासून आठ-दहा फुटांवर वीस माणसं हात जोडून त्याच्याकडेच टक लावून उभी. माणूस रोखून बघतोय म्हणजे कावळ्याच्या लेखी धोका. गर्दी चांगली पन्नास फूट मागे सरकली आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले की बऱ्याचदा काम होतं.

पण त्या दीड तासात माणसं काय करतात ते आठवून बघा. एक जण म्हणतो, ‘आईला सांभाळू.’ कावळा जागचा हलत नाही. दुसरा म्हणतो, ‘धाकट्याचं लग्न लावून देऊ.’ तरी नाही. तिसरा, चौथा, पाचवा शब्द देऊन होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘गावच्या जमिनीचा वाद मिटवू.’ नेमका तेव्हा कावळा आपल्या वेळेनं खाली येतो. त्याच्या लगेच आधीचं वाक्य ‘बाबांची शेवटची इच्छा’ ठरतं. फुकट गेलेली पाच वाक्यं तेराव्यापर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. भुताखेतांच्या बहुतेक अनुभवांचं गणित हेच आहे, जुळलेलं लक्षात राहतं आणि न जुळलेलं गळून जातं. भावकीसमोर मोठ्यानं दिलेला शब्द मात्र खरा असतो आणि नंतर मोडायला जड जातो. ते काम मोलाचं आहे, मग कावळा येवो न येवो.

आणखी एक बघा. दर्भाच्या कावळ्याची सोय परंपरेनंच करून ठेवली आहे. कावळा न येणं पूर्वीपासून नेहमीचंच होतं, म्हणून तर ती सोय. तेव्हा पहिलं काम हे करा : दहावा केलेल्या गुरुजींना फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि सासूबाईंनाच विचारू द्या, ‘विधी पुरा झाला ना?’ ते ‘झाला’ म्हणतील. तुमच्या तासभराच्या समजावण्यानं होणार नाही ते त्या एका शब्दानं होईल. तुमचा विश्वास कशावर आहे हा प्रश्न इथे येतच नाही. सासूबाईंचा कुणावर आहे, ते बघायचं.

शिकलेली माणसं का मानतात, हा तुमचा प्रश्न. शिक्षणाचा आणि याचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती घेतल्या आणि तो अभ्यास १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यातल्या सुमारे ४७ टक्के लोकांना गेलेला जोडीदार कुठल्या ना कुठल्या रूपानं जाणवला होता. ३९ टक्क्यांना तो आसपास आहे असं वाटायचं, १४ टक्क्यांना दिसला होता, १३ टक्क्यांनी आवाज ऐकला होता, तर स्पर्श जाणवलेले तीनेक टक्के होते. संसार जितका लांबलचक, तितका हा अनुभव जास्त. बहुतेकांनी तो कुणालाही सांगितला नव्हता, आणि पुष्कळांना त्याची भीती न वाटता आधारच वाटला होता. ही माणसं वेडी नव्हती, त्यांच्या घरात ‘बाधा’ही नव्हती.

असं होतं कारण मेंदू समोरचं नुसतं टिपत बसत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज सतत बांधत असतो. चाळीस-पन्नास वर्षं रात्री साडेनऊला हॉलमधून एकाच माणसाच्या चपला वाजल्या असतील, तर माणूस गेल्यावरही साडेनऊला अंदाज हजर होतो. त्या वेळी एखादी खुसपूस झाली की उरलेलं मेंदू भरून काढतो. खुसपुशीला तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये तोटा नाही. डक्टमधली कबुतरं रात्री घुमतात ते भिंतीतून कुणी कण्हल्यासारखं ऐकू येतं. वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची स्लॅबमधून आपल्याच हॉलमध्ये सरकते. सोसायटीचा पंप सुरू झाला की पाइप ठोकल्यासारखे वाजतात. दिवसभर तापलेली गच्ची रात्री निवताना कडकडते. अशा आवाजाला ‘पाइप’ म्हणण्याआधी आपण ‘कोण आहे?’ म्हणतो, ही तर माणसाची जुनीच खोड. झुडपात खसखसलं की वारा आहे असं धरून चालणारा एखाद दिवशी वाघाच्या तोंडी जायचा. उगाच घाबरून पळणाऱ्याचं काही बिघडायचं नाही.

तपकिरीचं उत्तर बहुधा कपाटात आहे. लोकरी शाल, उशी, स्वेटर हा वास महिनोन्‌महिने धरून ठेवतात आणि दार उघडलं की सोडतात. शोधा, पण सासूबाईंना न विचारता काहीही फेकू नका.

याहून खोल कारण असं की नसणं आपल्याला कल्पनेत आणताच येत नाही. जेसी बेरिंग या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यानं लहान मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. त्यात मगर उंदराला खाऊन टाकते. मग मुलांना विचारलं, आता त्या उंदराला खावं-प्यावं लागेल का? मुलं म्हणाली, नाही. त्याचं आईवर अजून प्रेम आहे का? बरीच मुलं म्हणाली, हो. शरीर थांबलं हे कळतं, पण मन थांबलं म्हणजे काय झालं ते डोळ्यांपुढे आणता येत नाही. मोठ्यांचंही तेच आहे. ‘माझ्या दहाव्याला कोण कोण येईल’ असा विचार करणारा प्रत्येक जण मनातल्या मनात घाटावर एका कोपऱ्यात उभा राहून गर्दी मोजत असतो. आत्मा ही कल्पना कुणी शिकवावी लागत नाही. तिला रूप, नाव आणि नियम मात्र समाज देतो.

आणि ते नियम बघण्यासारखे आहेत. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. वारस न ठेवता, धनात जीव अडकून गेला तो समंध. आपली भुतावळ म्हणजे अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे. भरल्या घरात, नातवंडं बघून नव्वदीत गेलेल्याचं भूत सहसा कुणाला दिसत नाही. शनिवारवाड्याचंच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. ‘काका, मला वाचवा’ हे वाक्य पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच वाड्यानं १८२८ ची मोठी आग पाहिली, पण आगीच्या रात्रीचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. त्या गोष्टीत एक चेहरा आणि एक वाक्य नाही ना! शिवाय वाडा संध्याकाळी बंद होतो, म्हणजे अमावास्येच्या रात्री आत जाऊन खात्री करायचीही सोय नाही. गोष्ट टिकायला आणखी काय लागतं?

मिस्टरांचं ‘विषाची परीक्षा कशाला’ हे यातलं सगळ्यात शिकलेलं वाक्य. नसेल तर ३५ हजार गेले आणि असेल तर घर वाचलं, असा तो हिशेब. चूक अशी की ३५ हजार ही किंमत तिथेच थांबत नाही. ते पुढे येतंच. तूर्त त्यांना एवढं सांगा की शंका घेणं म्हणजे धर्म बुडवणं नाही. मेल्यावर माणूस उरतो की नाही, काही हो म्हणतात, काही नाही म्हणतात, हा प्रश्न कठोपनिषदात नचिकेतानं थेट यमालाच विचारलाय.

आता मुलाचं, कारण ते सोपं आहे. याला निद्रापक्षाघात म्हणतात, स्लीप पॅरालिसिस. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना पलंगावरून पडू. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधले काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं माणूस जागा असतो पण हलू शकत नाही, आणि अर्धवट स्वप्न डोळ्यांपुढे तसंच चालू राहतं. श्वास चालू असतो, पण मुद्दाम मोठा घ्यायला गेलं की छाती साथ देत नाही. तेच ‘कुणीतरी बसलंय’ असं वाटतं. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. जागरण, झोपेच्या सतत बदलत्या वेळा, क्लासहून आल्यावरची दोन तासांची झोप आणि उताणं झोपणं, यांनी तो वाढतो. मुलाला कुशीवर झोपायला सांगा. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. पुन्हा झालं तर सगळं अंग सोडवायची झटापट करायची नाही, फक्त पायाचा अंगठा किंवा एक बोट हलवायचं, डोळे मिचकवायचे, श्वास आपोआप चालू द्यायचा. उशीखाली सुरी ठेवली असेल तर काढा, झोपेत हात कापेल. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील तर झोपेच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंचं पहाटेचं चक्कर येणं आणि दिसणं मात्र मी आवाज-वासाच्या पंगतीत बसवणार नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? थंडीत खिडकी लावून घेतात का? बंद जागेत गीझरची ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, गोंधळ आणि पुढे बेशुद्धी असा त्याचा क्रम. अमेरिकेत १९२१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत छापून आली होती. घरच्यांना पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची. घर गरम ठेवणारी बिघडलेली भट्टी दुरुस्त झाली आणि भुतं गेली. रात्री तुमचा गीझर बंद असतो, तेव्हा रात्रीच्या चपलांचा दोष त्याच्यावर घालता येणार नाही. पहाटेचा मात्र घालता येईल. सिलिंडर बाहेर ठेवला म्हणून काम भागत नाही, विषारी वायू जळणाऱ्या ज्योतीतून येतो. म्हणून गीझरच बाथरूमबाहेर, उघड्या डक्टमध्ये किंवा बाल्कनीत बसवून घ्या. तोवर खिडकी उघडी ठेवून आधी बादली भरायची, गीझर बंद करायचा, आणि मगच आत जायचं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर सर्व्हिसिंग होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पाणी तापवलेलं बरं.

गीझर विजेचा असेल तर बसल्यावर आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळचा रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घ्या, आणि रक्तातलं सोडियम तपासा. या वयात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम उतरतं आणि माणूस भ्रमात जातो. झोपेच्या, सर्दीच्या, लघवी धरून ठेवण्याच्या गोळ्यांनीही भास होतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दवाखान्यात न्या. तोंडी यादीत एखादी हमखास राहते. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, सोबत ताप किंवा लघवीला जळजळ असली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोतीबिंदूमुळे किंवा पडद्याच्या विकारामुळे नजर गेलेल्यांना न बोलणारी माणसं दिसतात, ते नेत्रतज्ज्ञांचं काम. आणि बाबांऐवजी अनोळखी माणसं, लहान मुलं, प्राणी दिसायला लागले, चाल घसटत झाली, झोपेत हातपाय झाडणं-ओरडणं सुरू झालं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तो एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आरंभ असू शकतो.

एक गोष्ट सरळ विचारा : ‘बाबा तुम्हाला बोलावतात का? तुम्हाला जावंसं वाटतं का?’ विचारल्यानं ती इच्छा निर्माण होत नाही. उत्तर ‘हो’ आलं, जेवण तुटलं, दागिने वाटून टाकायला लागल्या, तर त्यांना एकटं सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. नुसती आठवण, रडू, चाहूल यांना तीन महिन्यांनी आजार म्हणायचं कारण नाही. सहा महिने उलटूनही दिवस ढकलणं अशक्य असेल तर उपचार घ्यावेत.

याच्या जोडीला पुढचे पंधरा दिवस एक वही ठेवा. तारीख, वेळ, खोली, झोपलेल्या होत्या की चालत, दिवा होता का, त्या रात्री कुठली गोळी घेतली, पंप सुरू होता का, आणखी कुणी ऐकलं का. काहीच झालं नाही ती रात्रसुद्धा लिहायचीच, नाहीतर वही तुम्हाला कावळ्यासारखीच फसवेल. सकाळी ‘बाबा आले होते का?’ असं विचारू नका, ‘झोप कशी लागली?’ एवढंच विचारा. वहीचा उपयोग डॉक्टरांना आणि तुमच्या इंजिनीअर साहेबांना होईल. सासूबाईंना ती पुराव्यासारखी दाखवायची नाही. त्यांच्याशी बोलताना ‘असं काही नसतं’ हे वाक्य गिळा. ‘तुम्हाला त्यांची चाहूल लागते. कुठल्या चपला हो, त्या पट्ट्याच्या?’ असं विचारा आणि बोलू द्या. मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध, पितृपक्ष त्यांना करायचं असेल तर करा, खर्च मात्र आधी ठरवून.

राहिले ते जाणकार. यांची पहिली भेट बहुधा फुकट असते, आणि ‘दोन भावांत शब्द झालाय’, ‘पाण्याच्या बाजूला दोष आहे’ अशी वाक्यं पुण्यातल्या कुठल्याही घराला लागू पडतात. मग चमत्कार होतो. सुरीला जास्वंद चोळलेली असली की कापलेल्या लिंबातून ‘रक्त’ येतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा असला की पाणी शिंपडल्यावर पेट घेतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतलं की काही क्षणांत होम आपोआप पेटतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांमधून हेच करून दाखवतात. यानंतर पहिला बंदोबस्त ‘तात्पुरता’ ठरतो, दुसरा मोठा निघतो आणि दोष घरातल्या एखाद्या बाईवर येतो, बहुतेक वेळा सुनेवर. मिस्टरांच्या हिशेबात ही किंमत धरलेली नाही.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा देव, श्राद्ध किंवा श्रद्धा यांच्या आड येत नाही. याच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी, बांधून ठेवणं, चटके देणं, भुताची दहशत घालून औषधोपचारापासून रोखणं, चमत्कारांचा देखावा करून पैसे उकळणं हे त्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. नुसती पूजा सांगून दक्षिणा मागितली म्हणून तक्रार उभी राहणार नाही, पण गोळ्या बंद करायला सांगितलं ही बाब गंभीर आहे. त्याचे मेसेज, रेकॉर्डिंग, पैसे दिले असतील तर यूपीआयची नोंद जपून ठेवा. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची.

तूर्त तक्रारीपर्यंत जायची गरज पडेल असं वाटत नाही. चुलतदिरांना एवढा निरोप पुरे : ‘डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत, विधी पुरा झाल्याचं गुरुजींनी सांगितलंय, पुन्हा कुणाला घरी आणू नये.’ तो मिस्टरांच्या फोनवरून जाऊ द्या. भावाकडून आलेलं ते ऐकतील अशी शक्यता जास्त आहे.